तिसरी तार

घरातील कोणत्याही तीन टोकांच्या प्लगकडे एकदा निरखून पाहावे. खालची दोन टोके बारीक आणि आखूड असतात. वरचे तिसरे टोक जाड आणि किंचित लांब असते. ते लांब ठेवले आहे, कारण प्लग आत जाताना ते सर्वांआधी जोडले जावे आणि बाहेर येताना सर्वांशेवटी सुटावे. जाड ठेवले आहे, कारण ते चुकूनही दुसऱ्या छिद्रात शिरू नये. या टोकाला जोडलेली हिरवी तार भिंतीतून जाऊन अखेरीस जमिनीत उतरते, निदान तशी अपेक्षा असते. पहिल्या दोन तारांतून वीज येते आणि परत जाते. तिसरीतून वर्षानुवर्षे काहीच वाहत नाही. ती कापून टाकली तरी दिवा लागतो, पंखा फिरतो, मिक्सर चालतो. म्हणूनच ती कापली गेल्याचे घरात कोणालाही कळत नाही.

व्यापारी घराण्यांत राखीव निधीचे महत्त्व सांगावे लागत नाही. चांगल्या दिवसांत तो निरुपयोगी वाटतो. तो होता की नव्हता, हे पडत्या दिवशी कळते. तिसऱ्या तारेचे तसेच आहे. गेल्या वर्षी आश्विनात बार्शीच्या आमच्या जुन्या घरात ही तार जमिनीपर्यंत पोहोचतच नाही असे आढळले. त्यानंतरच्या पंधरा दिवसांत जे घडले ते आपल्या वाचकांपुढे ठेवावेसे वाटते. त्यात विजेचा भाग आहे, तसाच धर्माचा आणि हिशेबाचाही आहे.

आमचे घर पेठेतले. पुढे थोरल्या बंधूंचे आडत दुकान, मागे चौक, वर राहती जागा. वीजजोडणी वडिलांच्या काळातली, वीज मंडळाची. दादांनी दुकानामागच्या गोदामात धान्य साफ करण्याचे यंत्र बसवायचे ठरवले होते. सोयाबीनचा हंगाम तोंडावर होता. यंत्रासाठी तीन फेजची जोडणी आणि वाढीव भार हवा होता. अर्जासोबत परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल जोडावा लागतो. त्यात तारांच्या आवरणाचा रोध किती मेगओहम आणि अर्थिंगचा रोध किती ओहम, असे आकडे भरायचे असतात. नंतर वितरण कंपनीचे अभियंते पाहणीस येतात.

याच सुमारास धुण्याभांड्याच्या मावशींनी सुनेला सांगितले की कपडे धुण्याच्या यंत्राला हात लावला की मुंग्या येतात. कंपनीचा कारागीर येऊन यंत्र तपासून गेला आणि यंत्र निर्दोष असल्याचे सांगून गेला. घरातल्या कोणालाही मुंग्या येत नव्हत्या. मावशींना मात्र येत होत्या, आणि त्या एक गोष्ट ठामपणे सांगत होत्या : मुंग्या सकाळीच येतात, दुपारी येत नाहीत.

मी गावातल्या एका जुन्या, परवानाधारक वायरमनला बोलावले. त्यांनी मावशींचे म्हणणे दोनदा ऐकून घेतले. मग त्यांनी मीटरची एक तार यंत्राच्या सांगाड्याला लावली, दुसरी ओल्या फरशीत खोचलेल्या खिळ्याला लावली आणि मला वरच्या मजल्यावरचा गिझर सुरू करायला सांगितला. गिझर सुरू होताच काटा साठ व्होल्टच्या आसपास गेला. बंद करताच तो शून्याजवळ आला. कपडे धुण्याचे यंत्र त्या वेळी बंदच होते.

गिझर वर, यंत्र खाली चौकात. दोघांचा संबंध काय? संबंध त्या हिरव्या तारेचा होता. घरातल्या सर्व उपकरणांच्या हिरव्या तारा एकमेकींना जोडून पुढे जमिनीत जातात. गिझरच्या कांडीचे आवरण खराब होऊन त्यातून वीज झिरपू लागली होती. अर्थिंग चांगले असते तर ती वीज मुकाट जमिनीत गेली असती. अर्थिंग नव्हते, म्हणून ती हिरव्या तारेतून घरभर फिरली आणि जोडलेल्या प्रत्येक सांगाड्यावर येऊन थांबली. सकाळी आंघोळीसाठी गिझर चालू असे आणि त्याच वेळी धुणे निघे. आम्ही सगळे पायांत चपला घालून यंत्राजवळ जात होतो. मावशी अनवाणी, ओल्या फरशीवर उभ्या असत. वीज आम्हा सर्वांना सोडून एकट्या त्यांच्या शरीरातून वाट शोधत होती.

अर्थिंग गेले कुठे, हे शोधायला अर्धा दिवस लागला. वडिलांच्या काळी लोखंडी नळ जमिनीखालून दूरवर जात. त्या नळालाच तार बांधून काम भागवण्याचा प्रघात होता. बारा वर्षांपूर्वी नळकामाची दुरुस्ती झाली आणि लोखंडी नळ काढून प्लास्टिकचे बसवले गेले. नळकाम करणाऱ्याचा विजेशी संबंध नव्हता. त्याने पाणी नीट आणून दिले आणि तो गेला. भिंतीच्या पायाशी जुन्या नळाचा हातभर तुकडा तेवढा राहिला, आणि साऱ्या घराची हिरवी तार त्या तुकड्याला बांधलेली होती. वायरमननी अर्थ टेस्टर लावला. जमिनीत ठरावीक अंतरावर दोन सळया ठोकून त्यांच्या साह्याने रोध मोजतात. आकडा आला ११५ ओहम.

या आकड्याचा अर्थ समजून घेणे अवघड नाही. घरात येणारा विद्युतदाब २३० व्होल्ट असतो. दाबाला रोधाने भागले की प्रवाह मिळतो. ११५ ओहममधून २३० व्होल्टचा दाब फार तर २ अँपिअर प्रवाह ढकलू शकतो. आमच्या गिझरचा एमसीबी १६ अँपिअरचा. गिझर नेहमीच्या कामासाठीच ८ ते ९ अँपिअर घेतो. त्यावर २ अँपिअरची गळती झाली तरी एमसीबीला काही खटकण्याचे कारण नाही. तो अतिभारासाठी आणि शॉर्टसर्किटसाठी ठेवलेला पहारेकरी आहे. गिझरची कांडी पूर्ण फुटली असती तरी तो पडला नसता आणि घरातल्या प्रत्येक धातूच्या सांगाड्यावर जवळजवळ पूर्ण २३० व्होल्ट उभे राहिले असते. मुंग्या ही सूचना होती. पुढची पायरी मुंग्यांची नसते. माणसाच्या छातीतून ३० मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचा सुमारे तेहतिसावा भाग, एवढा प्रवाहसुद्धा थोडा वेळ टिकला तर धोक्याचा ठरतो.

वायरमननी गिझर त्याच दिवशी बंद करवला आणि मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. या उपकरणाचे काम आपल्या वाचकांना मी हिशेबाच्या भाषेत सांगू शकतो. फेजच्या तारेने जेवढा प्रवाह आत गेला तेवढाच न्यूट्रलच्या तारेने परत आला पाहिजे. जमा आणि नावे जुळली पाहिजेत. जुळत नसतील तर मधला फरक कुठेतरी बाहेर झिरपतो आहे, भिंतीतून नाहीतर माणसातून. फरक ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की हा मुनीम क्षणाच्या अंशात पेढी बंद करतो. चूक कोणाची, हे तो नंतर शोधू देतो.

येथपर्यंत घरात मतभेद नव्हता. मतभेद सुरू झाला तो खड्ड्यावरून.

नवे अर्थिंग करायचे तर जमीन खोदावी लागते. आपल्याकडची जुनी, सर्वमान्य रीत अशी की सुमारे ४० मिलिमीटर व्यासाचा, किमान अडीच मीटर लांबीचा गॅल्व्हनाइज्ड लोखंडी नळ जमिनीत उभा पुरायचा, त्याच्याभोवती लोणारी कोळसा आणि खडेमीठ यांचे थर द्यायचे, वर पाणी ओतण्यासाठी नरसाळे ठेवून विटांचे छोटे कुंड बांधायचे. अर्थिंगविषयीचे भारतीय मानक आय.एस. ३०४३ आहे. इमारतीच्या भिंतीपासून दीड मीटर तरी दूर राहावे, हा त्यातला दंडक. शिवाय तीन फेजच्या यंत्राच्या सांगाड्याला दोन स्वतंत्र अर्थ जोडण्या द्याव्या लागतात. म्हणजे आम्हाला दोन खड्डे हवे होते आणि दोहोंत नळाच्या लांबीच्या दुपटीएवढे, सुमारे पाच मीटर अंतर हवे होते.

आणि चातुर्मास चालू होता. आईचे वय अठ्ठ्याऐंशी. चातुर्मासात जमीन न खोदण्याचा, न खोदवण्याचा तिचा नियम मला आठवते तेव्हापासूनचा आहे. पावसाने भिजलेल्या मातीत जीवोत्पत्ती अधिक असते, पृथ्वीकायाची विराधना आणि त्यात वाढलेल्या त्रसजीवांचीही, हे आपल्या घरांत मुलांनाही ठाऊक असते. कार्तिकी पौर्णिमेला अजून पाच आठवडे होते.

दादांचे यंत्र येऊन पडले होते. ज्या ठेकेदाराकडे त्यांनी अर्जाचे काम दिले होते, त्यांनी तोडगा सुचवला. तो ऐकताना कोणालाही वाजवी वाटावा असाच होता. गिझर बदलून टाका, आरसीसीबी बसवलाच आहे, धोका संपला. अहवालात दोन ओहम लिहून देतो. कुंडे बांधून वर झाकणे ठेवू. पाहणीला येणारे झाकण पाहतात, खाली उकरून कोण बघतो? खड्डे कार्तिकी पौर्णिमेनंतर सावकाश खणू. माताजींचा नियमही राहील आणि तुमचा हंगामही.

दादांना ते पटले. त्यांच्यावर मी दोष ठेवत नाही. सत्तरी ओलांडलेला माणूस, पन्नास वर्षांचा आडतीचा व्यवहार, कोणाचा पैसा बुडवल्याचे नाव नाही. त्यांना खरोखर वाटत होते की आईचा नियम मोडण्यापेक्षा कागद पाच आठवडे आधी केला तर बिघडले कुठे? खड्डा तर होणारच आहे.

माझा आक्षेप दोन प्रकारचा होता. पहिला विजेचा. आरसीसीबी उत्तम उपकरण आहे, पण तो अर्थिंगचा पर्याय नाही. अर्थिंग चांगले असेल तर उपकरणात बिघाड होताच वीज जमिनीत जाते, फरक दिसतो आणि आरसीसीबी त्याच क्षणी पडतो, कोणी हात लावण्याआधी. अर्थिंग नसेल तर फरक दिसण्यासाठी वाट हवी आणि ती वाट बहुधा माणसाच्या शरीरातून मिळते. म्हणजे सूचना मिळण्यासाठी कोणाला तरी आधी झटका बसावा लागतो. शिवाय आरसीसीबी हे यंत्र आहे. ते अडकू शकते, म्हणून त्यावर चाचणीचे बटण दिलेले असते. ते बटण किती घरांत दाबले जाते?

दुसरा आक्षेप माझ्या नोकरीतला होता. शाखेत असताना कॅश क्रेडिटच्या खात्यांसाठी गोदामे तपासायला मी कितीदा तरी गेलो आहे. दर महिन्याला साठ्याचे विवरणपत्र येते, आकडे नीट जुळलेले असतात आणि कागदावर तारण भक्कम दिसते. प्रत्यक्ष थप्पी हलवून पाहिल्यावर कधी समोरच्या रांगेत माल आणि मागच्या रांगेत भुसा निघतो. अशा खात्यात व्याज वेळेवर येत असते तोपर्यंत कोणालाच काही खटकत नाही. बुडते ते एकाच दिवशी, आणि त्या दिवशी विवरणपत्राचा काही उपयोग नसतो. झाकणाखाली नळ नसलेले कुंड म्हणजे तसलेच तारण. फरक एवढाच की तिथे बँकेचे पैसे जातात.

मी हे दादांना सांगितले. ते म्हणाले, "तू बँकेतला माणूस. पाच आठवड्यांचा प्रश्न आहे. आईला विचार, तिला खड्डा चालणार आहे का?"

तेव्हा गोष्ट आईपर्यंत गेली. आईने दोघांचे ऐकून घेतले आणि लगेच काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी व्याख्यानानंतर तिने स्थानकात महासतीजींपुढे विषय काढला. साधु-साध्वी गृहस्थाला असे काम कर किंवा करू नको, असे सांगत नाहीत. खोदण्याची अनुमोदनाही त्यांना वर्ज्य. महासतीजींनी खड्ड्याविषयी एक शब्द उच्चारला नाही. त्या यतनेविषयी बोलल्या, आणि उत्तराध्ययन सूत्राच्या दहाव्या अध्ययनात भगवान महावीरांनी गौतमस्वामींना क्षणभरही प्रमाद न करण्याचा जो उपदेश केला आहे, त्याचे स्मरण करून दिले. बाकी विचार ज्याचा त्याने करायचा होता.

घरी आल्यावर आईने आम्हा दोघांना बोलावले. तिने पहिला प्रश्न विचारला तो मला अनपेक्षित होता. "पौर्णिमेपर्यंत थांबलो तर मशीन बंद ठेवायचे ना?"

वायरमननी तसे सांगितले होते. अर्थिंग होईपर्यंत कपड्यांचे यंत्र आणि गिझर दोन्ही बंद.

"मग आठ माणसांचे धुणे मावशींनी हाताने धुवायचे. म्हणजे माझा नियम त्यांच्या मनगटांनी पाळायचा." ती थोडा वेळ थांबली. मग दादांकडे पाहून म्हणाली, "आणि खोटा कागद करायचा असेल तर तुझ्या नावाने कर. त्याला माझ्या चातुर्मासाचा आडोसा घेऊ नकोस."

दादा काही बोलले नाहीत. मी त्यांना इतके गप्प क्वचितच पाहिले आहे.

गृहस्थाच्या हिंसेचे चार भेद आपण ऐकत आलो आहोत : संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. श्रावकाने संकल्पी हिंसेचा त्याग करावा आणि बाकीच्या तिन्हींत जितकी यतना शक्य तितकी पाळावी, अशी शिकवण आहे. घर सुरक्षित करण्यासाठी जमीन खोदणे ही आरंभी हिंसा आहे, हे आईला मान्य होते. ती हिंसा नाही, असे तिने एकदाही म्हटले नाही. पण धोका ठाऊक असताना तो पाच आठवडे दुसऱ्याच्या पायाखाली ठेवणे हा प्रमाद आहे, हेही तिला तितकेच स्पष्ट दिसत होते. पाणी गाळून पिणाऱ्या घरात ओल्या फरशीवरच्या अनवाणी पायांचा विचार सर्वांत शेवटी व्हावा, हे तिला सोसणारे नव्हते. तिने निर्णय दिला : खोदा, पण यतनेने खोदा. आलोचना आणि प्रायश्चित्त तिचे ती घेईल.

यतना म्हणजे काय, हे मग वायरमननीच आम्हाला दाखवले. तीन फूट चौरस खड्ड्याऐवजी त्यांनी हाताने फिरवायच्या गिरमिटाने नऊ इंच रुंदीचे भोक घेतले. त्यामुळे निघालेली माती चौकोनी खड्ड्याच्या मानाने अगदी थोडी होती. जागा परसातली निवडली, भिंतीपासून सहा फूट दूर, जिथे गवत उगवलेले नव्हते. काम उन्हे चढल्यावर सुरू करून सूर्यास्तापूर्वी थांबवायचे आणि रात्री भोकाच्या तोंडावर फळी ठेवायची, म्हणजे त्यात काही पडणार नाही, हे आईने घातलेले नियम. मिठाचा विषय निघाला तेव्हा वायरमन स्वतःच म्हणाले की मीठ नको. मिठाने रोध कमी होतो हे खरे, पण तेच मीठ काही वर्षांत लोखंडी नळ खाऊन टाकते आणि पावसागणिक वाहून जाते. त्याऐवजी बेन्टोनाइट नावाची चिकणमाती भरतात. ती पाणी धरून ठेवते, फुगून नळाला घट्ट बसते आणि नळ गंजवत नाही. मातीतल्या जिवांना मिठाने जे होते ते होत नाही, एवढी भर आईने घातली.

तीन दिवसांत दोन्ही नळ उतरले. नळांपासून बोर्डापर्यंत गॅल्व्हनाइज्ड पट्टी ओढली, जोड बोल्टने आवळले. जुन्या नळाच्या तुकड्यावरची तार सोडवली. वायरमननी त्याच वेळी घरातला प्रत्येक सॉकेट उघडून पाहिला. दोन ठिकाणी कोणी तरी पूर्वी अर्थचे टोक न्यूट्रललाच जोडून ठेवले होते. टेस्टरने पाहिले तर सारे ठीक वाटते, म्हणून ही लबाडी सहज खपते. पण न्यूट्रलची तार कुठेही तुटली की उपकरणाचा सांगाडा थेट फेजला जोडला जातो. आमच्या घरात ते दोन सॉकेट फ्रीज आणि पाण्याच्या पंपाचे होते.

मोजणी झाली. प्रत्येक नळाचा रोध चार ओहमच्या थोडा वर, दोन्ही जोडल्यावर २.३ ओहम. ११५ पासून २.३, बरोबर पन्नासावा हिस्सा. जिथे बिघाडाच्या वेळी २ अँपिअर वाहिले असते तिथे आता गणिताने १०० वाहू शकतात. प्रत्यक्षात रोहित्राकडचा रोधही त्या वाटेत येतो, म्हणून आकडा त्याहून कमी राहील, आणि म्हणूनच अर्थिंगच्या जोडीला आरसीसीबी हवाच. दोघे मिळून काम करतात. आवरणाचा रोध ५०० व्होल्टच्या मेगरने मोजला. सर्व मंडलांचा एक मेगओहमच्या कितीतरी वर आला. फक्त जुना गिझर सुटला नाही, त्याला निरोप दिला. हे सारे आकडे मोजून मगच अहवालात भरले गेले आणि त्यावर सही झाली, अर्थात दुसऱ्या ठेकेदाराची.

पाहणीसाठी अभियंता आले, तिशीतले असतील. त्यांनी बोर्ड पाहिला, आरसीसीबीचे बटण दाबून पाहिले आणि थेट परसात जाऊन कुंडाचे झाकण उचलले. वाकून नळाच्या टोकावरचा बोल्ट हाताने हलवून पाहिला. "काही ठिकाणी खाली नुसती वाळू असते," ते हसून म्हणाले. दादा माझ्या शेजारी उभे होते. अभियंता गेल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "यांनी उकरून पाहिले असते का रे?" मी म्हणालो, "कोण जाणे. पण पाहिले नसते तरी नळ नसताच." यंत्र हंगामाच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झाले. अर्थिंग, पट्टी, आरसीसीबी आणि चाचण्या मिळून खर्च २१,००० रुपये झाला.

मावशींना मी मशीनला हात लावून बघायला सांगितले नाही. आधी माझा हात लावला, चपला काढून, ओल्या फरशीवर. मग त्यांनी लावला आणि मान हलवली. दादांनी त्यांच्यासाठी रबराच्या चपला आणल्या होत्या. त्यांनी त्या घेतल्या, पण म्हणाल्या, "आता कशाला? आता तर काही होत नाही." बोलणे बरोबर होते, तरी त्या चपला त्या रोज घालतात.

आपल्या समाजातील बहुतेक घरे अशीच आहेत : खाली दुकान, वर घर, आजोबांच्या काळची जोडणी आणि तिच्यावर तीन पिढ्यांनी चढवलेली उपकरणे. मीटरपर्यंतची जबाबदारी वितरण कंपनीची, मीटरनंतरची आपली. म्हणून काही गोष्टी सुचवतो. ही कामे परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावीत.

घरात कधी लोखंडी नळ काढून प्लास्टिकचे बसवले असतील तर अर्थिंग कशाला बांधले आहे हे पहिल्यांदा तपासून घ्यावे. चाचणी अहवाल मागताना आपल्यासमोर अर्थ टेस्टर लावून आकडा मोजायला सांगावे. सळया ठोकलेल्या दिसल्या नाहीत तर आकडा मोजलेला नाही. मोजणी पावसाळ्यानंतर चांगली येते, म्हणून उन्हाळ्यात एकदा पुन्हा करावी. आमचा आकडा वैशाखात ३.४ पर्यंत चढला होता, कुंडात पाणी घातल्यावर उतरला. आरसीसीबीचे बटण महिन्यातून एकदा दाबावे. दाबल्यावर तो पडला नाही तर त्याच दिवशी बदलावा. तीन टोकांच्या प्लगचे तिसरे टोक काढून दोन छिद्रांच्या सॉकेटमध्ये बसवण्याची युक्ती कोणालाही करू देऊ नये. आणि उपकरणाला मुंग्या येतात असे कोणी सांगितले, तर स्वतः चपला घालून हात लावून "मला तर काही होत नाही" असे म्हणू नये. घरातली वीज सर्वांत आधी त्याला कळते जो अनवाणी उभा असतो.

दिवाळीला आपण वहीपूजन करतो. पहिल्या पानावर शुभ-लाभ लिहितो. गेल्या पाडव्याला दादांनी नव्या वहीच्या शेवटच्या पानावर स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली : अर्थिंग २.३ ओहम, आश्विन वद्य, समक्ष मोजले. वैशाखातला आकडा त्याखाली लिहिला गेला. यंदाचा आकडा आता मोजायचा आहे. आपल्या घरातल्या वहीतही या दिवाळीला अशी एक ओळ असावी, आणि तिच्यातला आकडा समक्ष मोजलेला असावा.

जय जिनेंद्र.